नवी ई-स्कूटर पुन्हा पुन्हा बंद पडते. पैसे परत मिळतील का?

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी कर्जावर नवी ई-स्कूटर घेतली. डबे पोहोचवायचं माझं काम तिच्यावरच चालतं. बॅटरी ३५ टक्के दाखवत असते आणि गाडी चालता चालता बंद पडते. चार वेळा सर्व्हिस सेंटरला नेली. दोनदा सॉफ्टवेअर अपडेट झालं, एकदा बॅटरी बदलली, तरी तेच. डीलर म्हणतो कंपनीशी बोला, कंपनी म्हणते तुमच्या चालवण्याचा दोष. गाडी बदलून किंवा पैसे परत मिळतील का? आणि तोवर हप्ते का भरायचे?

उत्तर : ताई, आधी हप्त्यांचं सांगते. ते थांबवू नका. कर्जाचा करार तुमचा आणि फायनान्स कंपनीचा. गाडी चालते की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. हप्ते थकले तर सिबिल बिघडेलच, वर गाडी उचलून नेली तर तुमचा सगळ्यात मोठा पुरावा हातचा जाईल. भरलेलं व्याज नुकसानभरपाईत मागता येतं.

डब्यांचा धंदा आहे, म्हणजे व्यावसायिक वापर, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही, असा मुद्दा समोरचा वकील काढणारच. घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात स्वतःच्या स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला वगळलेलं नाही. फक्त ग्राहक आयोगातल्या तक्रारीत तसं स्पष्ट लिहा : गाडी मी स्वतः चालवते, घर त्यावर चालतं.

आता खरी मेख. तुमची चारही जॉब कार्डं (सर्व्हिस सेंटरने दिलेले कामाचे कागद) काढून समोर ठेवा आणि त्यांवर काय लिहिलंय ते वाचा. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात पाचही कार्डांवर ‘जनरल चेकअप, वॉशिंग’ एवढंच होतं. रस्त्यात गाडी बंद पडल्याचा एक शब्द नाही! पुढच्या वेळी तक्रारीच्या रकान्यात तुमच्याच शब्दांत लिहून घ्या : तारीख, किलोमीटर, चार्ज किती टक्के होता, गाडी कुठे थांबली. ते लिहीत नसतील तर तिथूनच ई-मेल करा. गाडी परत घेताना ‘समाधानी’ वर सही मागतात. तिथे ‘हक्क राखून ताब्यात घेतली’ असं लिहून मग सही करा. ई-वाहनात आणखी एक गंमत असते. अपडेट घरबसल्या मोबाइलवरून होतं आणि मागे कागद उरत नाही. त्या संदेशाचा आणि आधीच्या-नंतरच्या व्हर्जनचा स्क्रीनशॉट ठेवा.

गाडीच्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेत, बिघाडांची नोंद असते, पण ती कंपनीच्या ताब्यात. म्हणून तक्रारीआधी पाठवायच्या नोटिशीतच त्या नोंदींची मागणी करा. दिल्या नाहीत, तर त्या आयोगापुढे हजर करायला लावा असा अर्ज करता येतो. चालवण्याचा दोष असेल तर नोंदींतून दिसेल. मग लपवायचं कशाला? दोष उघड्या डोळ्यांनी ठरवता येत नसेल तर कलम ३८(२)(सी) खाली आयोग गाडी प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यामुळे बाहेरच्या मेकॅनिककडून बॅटरी उघडू देऊ नका, एवढा मोह टाळा. स्वतः काढलेले व्हिडिओ देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा.

पैसे परत मिळतील का, तर मिळू शकतात. खात्री मी देणार नाही. ग्राहक कायद्याच्या कलम ३९ मध्ये दोष दूर करणं, बदली वस्तू, व्याजासह किंमत परत आणि भरपाई, हे सगळं आहे. पण मारुती उद्योगच्या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटी बघितल्या : वॉरंटी सदोष भाग बदलण्याची असेल, तर अख्खी गाडी मागणं सोपं नाही. कंपनी हाच निकाल वाचून दाखवेल. तुमच्या बाजूने मुद्दा असा की भाग बदलूनही दोष गेला नाही. म्हणून मागणी पर्यायी ठेवा : पैसे परत, नाहीतर नवी गाडी, तेही नाही तर कायमची दुरुस्ती, आणि तिन्ही बाबतींत बुडालेल्या डब्यांची, रिक्षाभाड्याची भरपाई. हिशोब वहीतला चालेल, पण रोजचा हवा.

तक्रारीत कंपनी आणि डीलर दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे टोलवाटोलवी संपते.

आधी दोघांना पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती जपा. नंतर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, किंवा ई-जागृती पोर्टलवर, तक्रार दाखल करा. किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही (हे मी वकील असून सांगतेय!). तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘मॅडम, पुढच्या आठवड्यात नक्की’ या फोनांनी ती वाढत नाही. कायदा तीन महिन्यांत, चाचणी असेल तर पाच महिन्यांत निकाल म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, तेवढी तयारी ठेवा.

मध्येच कंपनीने तडजोड देऊ केली, तर ‘फुल अँड फायनल’ कागदावर सही करण्याआधी मला एकदा दाखवा. आणि वाहत्या रस्त्यावर बंद पडणारी ही गाडी निकालापर्यंत चालवू नका. मीटरचा फोटो काढून, तारखेसह, ती उभी करून ठेवा.