अखेरची पेटी: घरी करावी की फ्युनरल होमकडून घ्यावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई 86 वर्षांच्या, न्यू जर्सीत तुमच्याजवळ, हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत शुश्रूषा करणारी, माणसं घरी येऊ लागली आहेत. फ्युनरल होमने, म्हणजे अंत्यविधीची सगळी सोय करणाऱ्या संस्थेने, 2,900 डॉलरचं कास्केट (शवपेटी) दाखवलंय. तुमचा हात लाकडावर बसलेला आहे, आणि पुण्याहून भाऊ म्हणतोय की माणूस हयात असताना पेटी करणं अपशकुनाचं. सहा वर्षांपूर्वी मी बाबांची पेटी स्वतः केली, म्हणून लिहितो.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या, की दहनासाठी कास्केट लागतच नाही. न्यू जर्सीत फ्युनरल डायरेक्टर, म्हणजे अंत्यविधी पार पाडणारा परवानाधारक व्यावसायिक, टाळता येत नाही, पण पेटी त्याच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेचा 1984 पासूनचा फ्युनरल रूल आहे. त्यानुसार बाहेरून आणलेली पेटी त्यांना नाकारता येत नाही आणि त्यासाठी जादा पैसेही लावता येत नाहीत. थेट दहनाची (अंत्यदर्शन किंवा समारंभ न करता केलेल्या दहनाची) सोय देणाऱ्यांनी पुठ्ठ्याची किंवा दाबलेल्या लाकडाची साधी पेटी उपलब्ध ठेवायलाच हवी. शोरूममध्ये नेण्याआधी दरपत्रक हातात मागा, तोही तुमचा हक्क आहे. माणसं बहुतेक वेळा पहिल्या दाखवलेल्या तीन पेट्यांपैकीच एक घेतात, तीही मधल्या किमतीची, असं कमिशनच सांगतं. तुमची 2,900 वाली मधलीच होती का?

आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांनी आमच्या पेटीसाठी ‘हँडलिंग’ म्हणून 350 डॉलर लावले होते. मी नियमाचं नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ बिलातून गेली. भांडावं लागलं नाही, पण माहीत असावं लागलं.

लुइझियानात कव्हिंग्टनला सेंट जोसेफ ॲबी नावाचा बेनेडिक्टाइन मठ आहे. तिथले साधू सायप्रसच्या साध्या पेट्या करून विकायला लागले, तेव्हा अंत्यविधीच्या व्यवसायावर देखरेख करणाऱ्या राज्याच्या बोर्डाने त्यांना रोखलं, कारण तिथल्या कायद्याने पेट्या विकण्याचा हक्क फक्त परवानाधारक फ्युनरल डायरेक्टरांना होता. साधू कोर्टात गेले आणि 2013 मध्ये जिंकले. तो वाद विक्रीचा होता. आपल्या माणसासाठी पेटी करणं ही वेगळी गोष्ट.

आता करावी का? पैसे वाचवायला म्हणून करू नका. दर्शनासाठी हवी असेल तर भाड्याचं कास्केट मिळतं. आत साधी पेटी सरकवतात आणि दहनाला तीच जाते. स्वस्त आणि सोपं. मी केली ती दुसऱ्याच कारणाने. आजोबा गेले तेव्हा गावात आळीतल्या माणसांनी बांबू, कामट्या, सुतळी आणून अंगणात तिरडी बांधली होती. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, सुतळीचं टोक धरून उभा होतो. इथे सगळं गणवेशातली परकी माणसं करतात. मुलाच्या वाट्याला येतं ते सह्या करणं आणि शेवटी एक बटण दाबणं. मला ते सोसलं नसतं.

पण बाबांना विचारूनच सुरुवात केली. माप घेताना टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. मी खांद्यांची रुंदी लिहून घेतली तर म्हणाले, “अरे, कोपरं मोज.” खरंच, हात शरीरालगत ठेवले की कोपरं खांद्यांच्या बाहेर येतात. आतली रुंदी 23 इंच ठेवली, म्हणून पुढे अडचण आली नाही.

अर्धा इंची पाइनचं प्लायवूड घ्या, पाऊण इंची नको. आमच्या अडीच शीट लागल्या, आणि पाऊण इंचीने वजन चौघांना जड झालं असतं. तळाला आडव्या तीन पट्ट्या. कड्या बसवू नका. सुताचा जाड दोर बाजूच्या भोकांतून घालून तळाखालून फिरवा, म्हणजे भार सांध्यावर न येता तळावर येतो. नायलॉन नको, जळत नाही नीट, वितळतो. पॉलिश, व्हार्निश काही लावू नका, पॉलिश पेपर मारला की पुरे. झाल्यावर 20 पौंडी तांदळाच्या आठ पिशव्या आत ठेवून चौघांनी गॅरेजभर फिरवली. एका कोपऱ्यात कुरकुर आली, तिथे आतून पट्टी मारली. आत आईने मांजरपाट शिवून लावलं. झाकणाच्या कडांवर रंधा मारताना निघालेली सालपटं तिने टाकू दिली नाहीत, त्यांचीच उशी भरली. माणूस गेल्यावरच्या दोन-तीन दिवसांत हे जमत नाही. तेव्हा हातात ड्रिल घेऊच नका. वेळ आहे तोवर करा, नाहीतर बेलाशक साधी पेटी घ्या, त्यात कमीपणा मुळीच नाही.

आता अपशकुनाचं. तुमच्या भावाचं मन मोडू नका, त्याची भीती खरी आहे. तिरडीचं सामान आपण आधी आणून ठेवत नाही, हेही खरं. पण देवघरातला गंगेचा सीलबंद गडू कशासाठी ठेवलेला असतो? माझ्या आजीने नेसवायचं लुगडं स्वतः निवडून ट्रंकेत तळाशी ठेवलं होतं आणि आम्हाला जागा दाखवून ठेवली होती. भावाला हे सांगून पाहा. आणि निर्णय आईंचा असू द्या. त्या नको म्हणाल्या, किंवा नुसत्या गप्प राहिल्या, तरी करू नका.

आमची पेटी चार महिने गॅरेजमध्ये भिंतीला उभी होती, जुनी चादर टाकून. बाबा एकदाच बघायला आले. झाकणावर तळहात फिरवला आणि म्हणाले, “इथे कुसळ राहिलंय.” मी त्या रात्री परत पॉलिश पेपर मारला.

लाकूड आणण्याआधी क्रिमेटरीला, म्हणजे दहनगृहाला, फोन करा. भट्टीच्या दाराची रुंदी आणि उंची विचारा, स्क्रू चालतात का तेही विचारा. आम्हाला चालतील म्हणाले, नंतर चुंबकाने वेगळे काढतात. पेसमेकर असेल तर आत्ताच सांगून ठेवा, तो दहनाआधी काढावाच लागतो, त्याची बॅटरी भट्टीत फुटते. मापं कळली की इथेच लिहा. कापायच्या तुकड्यांचा माझा कागद अजून आहे, तुमच्या मापांनी बदलून देतो.