नवा अभ्यासक्रम लागू झाला की आधी तुकड्या वेगळ्या करा

नव्याने आयटीआयमध्ये निदेशक म्हणून रुजू झालात, तर सगळ्यात आधी हे बघा: कोणत्या तुकडीचा प्रवेश कोणत्या वर्षाचा? ज्या अभ्यासक्रमावर प्रवेश झाला त्यावरच ती तुकडी संपवायची. २०२२ ला हाच गोंधळ झाला. वर्षाचे तास १६०० वरून १२०० झाले, वरती १५० तासांचं ऑन द जॉब ट्रेनिंग (प्रत्यक्ष कारखान्यातलं प्रशिक्षण) किंवा ग्रुप प्रोजेक्ट आलं. पहिल्या वर्षाची मुलं नव्या तासांवर, शेजारच्याच बाकावर दुसऱ्या वर्षाची जुन्यावर! दोघांचं एकच वेळापत्रक फिरवलंत तर तपासणीत अडकलातच.

अभ्यासक्रमाची प्रत डीजीटीच्या (केंद्राच्या प्रशिक्षण महानिदेशालयाच्या) संकेतस्थळावरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ कुठल्या सालची आहे ते कुणालाच माहीत नसतं. जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून लर्निंग आउटकम (मुलाला शेवटी काय यायला हवं ते) जुळवा. गळलेल्याला लाल, नव्याला हिरवी खूण. लेसन प्लॅन (थिअरीच्या तासाचा आराखडा) आणि डेमो प्लॅन (प्रात्यक्षिकाचा आराखडा) मग त्यावरून. जुन्याच प्लॅनवर नवी तारीख टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण अनुक्रमांक जुळत नाहीत आणि ते लगेच दिसतं.

खरी कसोटी अंतर्गत मूल्यमापनाच्या पुराव्यांची. फिटरच्या पोरानं कानशीनं घासलेल्या जॉबवर (म्हणजे त्यानं बनवलेल्या तुकड्यावर) त्याचा नंबर पंच केलेला हवा, गुणपत्रकात व्हर्नियरचं (बारीक मोजणीच्या उपकरणाचं) माप हवं, आणि त्या दिवशी तो हजेरीपटावर हजर हवा. हे पुरावे पुढची परीक्षा होईपर्यंत जपून ठेवायचेच, कपाट कमी पडलं तरी. यंत्रसामग्रीची यादी बदलली असेल तर मागणी प्राचार्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.