मार्गाच्या तक्रारी आल्या तर

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एन्ड्युरन्स राईडचा, म्हणजे घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीचा, मार्ग सांभाळायचं काम तुझ्याकडे आलंय, छान! तक्रारी येणारच, मनाला लावून घेऊ नकोस. स्वार कितीही तापलेला असो, आधी जागा विचार: कितव्या किलोमीटरला, कुठल्या खुणेपाशी, नेमकं काय? नुसतं 'वाट वाईट' लिहून ठेवलंस तर कुणालाच काही सापडत नाही.

- काजूच्या बागेची सुटलेली काटेरी तार, शेवाळलेला जांभा: लगेच माणूस पाठव आणि घोड्यांच्या तपासणीच्या थांब्यावर मागच्या स्वारांना सांग.
- चढ, ऊन, चिखल: ऐकून घे, पुढे चल.

'बाकीचे तर नीट आले' हे मात्र कधी म्हणू नकोस. नवे हमखास म्हणतात! आधीच्या घोड्यांच्या टापांनीच तर बांधाची कड सुटते. वाट बदलायची असेल तर पंचांना विचारूनच. नियमावलीचं नंतर बघू.