मॅनहॅटन नावाचा 'जिल्हा' होता का?

प्रश्न असा आहे: अणुबॉम्बच्या इतिहासावरच्या एका मराठी लेखात 'मॅनहॅटन अभियांत्रिकी जिल्ह्याचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज' असं वाचलं. मॅनहॅटन तर न्यूयॉर्क शहराचा भाग. मग हा जिल्हा कुठला?

जिल्हा कुठलाच नाही. 'मॅनहॅटन इंजिनिअर डिस्ट्रिक्ट' हे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलातल्या एका कचेरीचं नाव. या दलाची बांधकामं 'डिव्हिजन' आणि तिच्या हाताखालचे 'डिस्ट्रिक्ट' अशी वाटलेली असत आणि कचेरी ज्या गावात, त्याचं नाव डिस्ट्रिक्टला मिळे. ऑगस्ट १९४२ मध्ये हा डिस्ट्रिक्ट रीतसर स्थापन झाला तेव्हा त्याची कचेरी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, ब्रॉडवे रस्त्यावर होती, म्हणून मॅनहॅटन. अणुबॉम्बचा सुगावा न देणारं नाव हवंच होतं. पण इतर डिस्ट्रिक्टांना हद्द असे, याला ती मुद्दामच नव्हती. अणुबॉम्ब बनवण्याच्या या प्रकल्पाची मुख्य केंद्रं पाहा: ओक रिज टेनेसीत, हॅनफर्ड वॉशिंग्टन राज्यात, लॉस अलामॉस न्यू मेक्सिकोत. हे सगळं एकाच 'डिस्ट्रिक्ट'मध्ये! मराठीत जिल्हा म्हटला की हद्द आली, जिल्हाधिकारी आला, तालुके आले. तो महसुली शब्द इथे वाचकाला चकवतो.

माझ्या मते 'विभाग' हा शब्द चपखल बसतो. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात अधीक्षक अभियंत्याचं 'मंडळ' असतं आणि त्याखाली कार्यकारी अभियंत्याचा 'विभाग'. रचना तंतोतंत तीच नव्हे, पण कामाची जात तीच. शिवाय मूळ नावात 'इंजिनिअर' आहे, 'इंजिनिअरिंग' नाही; तो दलाचा निर्देश आहे. तेव्हा 'मॅनहॅटन अभियंता विभाग' म्हणावं.

त्या वाक्यातली दुसरी चूक मला जास्त खटकते. ग्रोव्ह्ज या डिस्ट्रिक्टचे प्रमुख नव्हतेच. 'डिस्ट्रिक्ट इंजिनिअर' होते आधी कर्नल जेम्स मार्शल आणि ऑगस्ट १९४३ पासून केनेथ निकोल्स. तेव्हाच कचेरी ओक रिजला हलली. पेंटागॉनच्या बांधकामावर देखरेख करणारे ग्रोव्ह्ज सप्टेंबर १९४२ मध्ये या दोघांच्या वर नेमले गेले आणि वॉशिंग्टनमधून सूत्रं हलवू लागले. जमीन, कंत्राटं, युरेनियम, गुप्तता, सगळं त्यांच्या हाती. त्यांना 'प्रकल्पाचे लष्करी प्रमुख' म्हणणं बरोबर. 'संचालक' शब्द भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांच्यासाठी राखावा, तोही 'लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे संचालक' असा पुरता लिहून. नुसतं 'प्रकल्पाचे संचालक' लिहिलं, की ग्रोव्ह्ज यांनीच निवडलेला शास्त्रज्ञ त्यांच्या जागी जाऊन बसतो.