पाठीवरचा रेकॉर्डर, समुद्रावरचा पक्षी आणि ऐकणारे कान

तुमचे मुख्य प्रश्न दोन आहेत. समुद्रावर गेलेला पक्षी काय करतोय ते नुसत्या आवाजावरून कळतं का? आणि तासन्‌तासांचं रेकॉर्डिंग ऐकायचं काम स्वयंसेवकांना दिलं तर त्यावर भरवसा ठेवता येतो का? दोन्हींचं उत्तर होय. अट एकच: कानाला जे खरोखर वेगळं ऐकू येतं तेवढंच स्वयंसेवकांना विचारा.

दक्षिण आफ्रिकेच्या अल्गोआ उपसागरातल्या बर्ड आयलंड बेटावरच्या केप गॅनेट या समुद्रपक्ष्याच्या पाठीवर रेकॉर्डर लावून आवाज तपासायचं काम झालं आहे. पक्षी साधारण अडीच किलोचा. यंत्र पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जड नको हा रूढ नियम लावला तर ७५ ग्रॅम होतात, पण माशासाठी पाण्यात सूर मारणाऱ्या पक्ष्याला पाण्याचा अडथळा वजनापेक्षा जास्त नडतो, म्हणून यंत्र चपटं आणि त्याहून बरंच हलकं हवं. ते पिसांना वॉटरप्रूफ टेपने बांधतात. पिल्लू लहान असतानाचा काळ निवडावा, कारण पक्षी घरट्यावर परतला तरच यंत्र हाती येतं. जोडीतल्या एकाच पक्ष्याला ते लावावं.

आता आवाज. पंख मारत उडताना फडफडीचा ठेका येतो, सेकंदाला तीन-चार. पंख पसरून तरंगताना ठेका थांबतो आणि वाऱ्याची सलग घरघर उरते. पाण्यावर बसला की वारा पडतो, लाटांची खळखळ येते. पाण्यात मारलेला सूर ओळखायला सगळ्यात सोपा: वाऱ्याचा आवाज चढत जातो, धाडकन आदळतो, मग काही सेकंद दबलेली शांतता आणि बुडबुडे. वर आल्यावर पुन्हा उडताना पाण्यावर पंखांचे फटके.

हा फरक टिकवायचा तर रेकॉर्डरचं ऑटोमॅटिक गेन, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंदच ठेवा. ते चालू राहिलं की वारा आणि शांतता एकाच पातळीवर येतात, आणि आवाजाची पातळी हाच तर आपला पुरावा आहे. गेन जास्त ठेवलं तर उड्डाणाचा वाराच आवाज फाडतो आणि आदळणं त्यात बुडून जातं. जलरोधक आवरण जाड झालं तर सगळंच पाण्याखाली असल्यासारखं ऐकू येतं. सुरुवातीला आणि शेवटी माइकजवळ वेळ बोलून टाळी वाजवा. घड्याळ दिवसाला एक-दोन सेकंद सहज सरकतं, आणि पक्ष्याच्या जागेच्या जीपीएस नोंदींशी जुळवताना तेवढ्यात सूर चुकीच्या जागी पडतो.

स्वयंसेवकांसाठी १० सेकंदांचे तुकडे करा, शेजारच्या तुकड्यांत २ सेकंद सामाईक ठेवा, नाहीतर सूर नेमका कापाकापीत अर्धा होतो. रेकॉर्डिंगचा दर्जा २२,०५० हर्ट्झ, १६ बिट, मोनो (एकच वाहिनी) असला तर एक तुकडा साधारण ४४० केबीचा होतो. आठ तासांच्या सफरीचे असे ३,६०० तुकडे. प्रत्येक तुकडा दहा जणांनी ऐकायचा तर निव्वळ ऐकण्याचेच १०० तास! म्हणून सगळेच तुकडे ऐकायला देऊ नका, त्यातले थोडे नमुन्यादाखल निवडा. तुकडे क्रमाने देऊ नका. मागचं ऐकून माणूस पुढचं गृहीत धरतो.

पर्याय पाच पुरेत: फडफड, तरंगणं, पाण्यावर, सूर, सांगता येत नाही. शेवटचा वगळला की लोक अंदाज ठोकतात. पक्ष्यांचं ओरडणं हा वेगळा प्रश्न ठेवा, कारण ते उडताना आणि पाण्यावर दोन्हीकडे होतं. हेडफोनचा आग्रह धरा. मोबाइलच्या स्पीकरवर वाऱ्याचा आणि बुडबुड्यांचा खर्ज जवळजवळ येतच नाही. तज्ज्ञांनी आधी तपासलेले तुकडे अधूनमधून मिसळले की कोणाचा कान कुठे चुकतो ते दिसतं.

बहुमत सरसकट लावू नका. सूर तासाभरात मोजक्या सेकंदांचे. दहापैकी तिघांनी जरी ‘सूर’ म्हटलं तरी तो तुकडा तज्ज्ञाने ऐकावा. मूळ मतं जपून ठेवा, फक्त निकाल नको.

वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातल्या खडकाळ बेटांवरच्या ब्रायडल्ड टर्न या पक्ष्यावर हे करता येईल का, असंही तुम्ही विचारलंत. तो पक्षी जेमतेम सव्वाशे ग्रॅमचा, म्हणजे यंत्राला चार ग्रॅमही मिळत नाहीत. त्याच्या पाठीवर रेकॉर्डर लावू नका. वनविभागाची परवानगी घेऊन खडकावर एका जागी रेकॉर्डर ठेवता येईल. त्यातून येण्याजाण्याच्या वेळा आणि वसाहतीतली गजबज कळेल, समुद्रावरची शिकार नाही.