आईला खरं सांगायचं की नाही?

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातले. महिन्यापूर्वी बेळगावात आईच्या तपासण्या केल्या, कॅन्सर निघाला. आम्ही भावंडांनी तिला साधी गाठ आहे, गोळ्यांनी जाईल असं सांगितलंय. ती रोज विचारते, आणि बरी झाले की माघी पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माला जाऊया म्हणते. पोरगी बीएला फिलॉसॉफी शिकते, ती म्हणते कांटच्या मते हे चूकच. चांगल्यासाठी बोललेलं खोटंपण चूक काय?

उत्तर: दादा, पोरीनं बरोबर वाचलंय. इमॅन्युएल कांट (1724–1804) हा जर्मन तत्त्वज्ञ, कर्तव्यवादी नीतिशास्त्रातला, म्हणजे परिणाम न बघता कर्तव्य असेल तेच करायचं या विचारातला, सगळ्यात मोठा माणूस. परिणाम चांगला झाला म्हणजे कृती चांगली, हे त्याला मान्यच नव्हतं. 1785 च्या पुस्तकात तो विचारतो, तुम्ही ज्या नियमानं वागताय तोच सगळ्यांनी पाळला तर चालेल काय? आता बघा, प्रत्येक घर पेशंटशी असंच बोलायला लागलं तर ‘काही नाही, बरी होशील’ यावर कुणाचा विश्वास बसणार, खरंच साधी गाठ असली तरी माणूस घाबरूनच राहणार.

त्याची दुसरी गोष्ट मला जास्त लागते. माणसाला नुसतं साधन समजायचं नाही, त्याच्या विचारशक्तीचा मान ठेवायचा. तुम्ही आईला वापरून घेताय असं मी अजिबात म्हणत नाही, मायेनंच करताय, पण सौंदत्तीला आत्ता जायचं की माघात हे ती तुमच्या खोट्या माहितीवर ठरवतेय, म्हणजे तिचा निर्णय तिच्या हातात राहिलाच नाही की.

कांटचं सगळंच पटतं असं नाही. 1797 च्या लेखात तो म्हणतो की मित्राला मारायला आलेल्या खुन्याशीसुद्धा खोटं बोलू नये, हे मला आजही पचत नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉसनं 1930 मध्ये मांडलं की कर्तव्यं अनेक असतात, खरं बोलणं एक, कुणाला दुखवू नये हे दुसरं, आणि टक्कर झाली की त्या प्रसंगात कुठलं जड ते बघायचं. तुमच्याकडं आई स्वतः रोज विचारतेय, म्हणून मला खऱ्याचं पारडं जड वाटतं.

पण सगळं एका दमात सांगितलंच पाहिजे असं कांटपण म्हणत नाही, गप्प राहणं आणि खोटं बोलणं वेगळं. उद्या तिनं विचारलं की ‘साधी गाठ’ म्हणू नका, ‘आई, तुला किती जाणून घ्यायचंय?’ असं विचारा, नको म्हणाली तर तिथंच थांबा. हवं म्हणाली तर डॉक्टरांना सोबत घेऊन बसा, आणि सौंदत्तीचा प्रवास झेपेल काय तेही त्यांना त्याच दिवशी विचारा, माघाची वाट बघू नका.