रडले तर कॅन्सर परत येईल का?

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या बायका समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा ऑपरेशन, केस, नवरा, मुलं हे सगळं बोलून होतं. खरा प्रश्न बहुतेक वेळा उठता उठता येतो. "मॅडम, मला काही पॉझिटिव्ह राहायला जमत नाही. त्यामुळे आजार उलटेल का हो?" हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की एकदा नीट लिहायलाच हवं होतं.

सुलभाताई (नाव बदललं आहे) गणिताच्या शिक्षिका. ऑपरेशन झालेलं, दर तीन आठवड्यांनी केमो चालू. बोलणं मोजकं, चेहरा हसरा, जरा जास्तच हसरा.

"घरात कुणी माझ्यासमोर रडत नाही. मीही नाही. जाऊबाई म्हणतात, मनात वाईट आणलं की शरीर ते ऐकतं."

"मग रडता कधी?"

"केमोच्या आदल्या रात्री. बाथरूममध्ये, नळ सोडून." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि मग झोपच लागत नाही. वाटतं, आज आपण आपल्याच पांढऱ्या पेशी मारल्या."

मी विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलायला शिकवणारी पद्धत मानणारी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ही पद्धत मांडली. त्यातली मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे चिंतेवर चढलेली दुसरी चिंता ओळखणं. कॅन्सर झाल्यावर भीती वाटणं स्वाभाविक आहे, ती काढून टाकायला मी बसलेली नाही. पण 'मला भीती वाटताच कामा नये' हा हट्ट मात्र माणसाला पिळून काढतो. सुलभाताईंची झोप त्या हट्टाने उडवली होती.

हे मी त्यांना समजावलं. पटलं म्हणाल्या, पण पटलेलं नव्हतं. पुढच्या वेळी फाइल घेऊन आल्या तेव्हा रक्ताच्या प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात लाल पेनाने एक छोटा चेहरा काढलेला दिसला. कुठे हसरा, कुठे रडका. आदल्या दिवशीची स्वतःची परीक्षा!

"छान, आकडे आयतेच आहेत," मी म्हटलं. "तुम्हीच ताळा करा."

त्यांनी रिपोर्ट टेबलावर तारखेप्रमाणे मांडले. हसऱ्या चेहऱ्याशेजारी पांढऱ्या पेशी १९००. रडक्याशेजारी ५२००. पुढची जोडी, तोच प्रकार. बराच वेळ त्या बोटाने आकडे तपासत राहिल्या.

"उलटंच आहे की हे."

उलटं असणारच होतं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात आणि पुढच्या डोसापर्यंत बहुधा सावरतात. सुलभाताई रडायच्या त्या डोसाच्या आदल्या रात्री, म्हणजे पेशी भरून आल्यावर. चढउतार औषधाचा होता, अश्रूंचा त्यात काही हात नव्हता. मी तासभर बोलून जे झालं नसतं, ते त्यांच्याच कागदांनी केलं. माझ्या कामातला मला आवडणारा क्षण हाच, पुरावा समोरच्या माणसाच्याच पिशवीतून निघतो तो.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट बाहेर आली. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध सुरू झाल्यापासून बोटांना मुंग्या येत होत्या, ब्लाउजचे हूक लागत नव्हते. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. का? "तक्रार करणं म्हणजे निगेटिव्ह होणं ना?" आनंदी राहण्याच्या सक्तीवर माझा राग आहे तो इथे. मुंग्या वेळेवर कळल्या तर डॉक्टर डोस कमी करू शकतात, अंतर वाढवू शकतात. लपवल्या तर नसांची इजा वाढत जाऊन बराच काळ मागे राहू शकते. तापाचं तर त्याहून गंभीर. केमो चालू असताना १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला, तर रात्र असो की सुट्टी, लगेच हॉस्पिटलला कळवायचं. पेशी कमी असताना साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो.

मन प्रसन्न ठेवलं की आयुष्य वाढतं, याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९च्या अभ्यासात, आधारगटात बोलणाऱ्या स्त्रिया जास्त जगल्या असं दिसलं आणि मोठी आशा निर्माण झाली. कॅनडातल्या संशोधकांनी कॅन्सर शरीरात पसरलेल्या २३५ जणींवर ते पुन्हा तपासलं. २००१ साली निष्कर्ष आला: आयुष्य वाढलं नाही, मात्र मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या. समुपदेशक असूनही मी हे स्पष्ट सांगते. माझ्या खोलीत गाठ विरघळत नाही, पण गाठीबरोबरचे दिवस सोपे होऊ शकतात, आणि तेवढ्यासाठी जरूर यावं.

घरच्यांना एवढंच सांगेन की 'रडू नकोस' म्हणण्याऐवजी 'डॉक्टरांना विचारायचं काही राहिलंय का?' असं विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. जाऊबाईंना मी एकदा बोलावून घेतलं. त्याही घाबरलेल्याच होत्या, त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं इतकंच.

मात्र उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप-जेवण उडालं, जगणं नको वाटू लागलं, तर नुसत्या बोलण्यावर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोन रोखणारी गोळी) चालू असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा. पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन यांसारखी नैराश्यावरची काही औषधं टॅमॉक्सिफेनचं शरीरात परिणामकारक रूपात होणारं रूपांतर अडवतात. त्यांना पर्याय आहेत, आणि ते निवडायला तुमची सगळी औषधं डॉक्टरांसमोर हवीत.